चार सक की सहा चोक?

पत्राचा गोषवारा: सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका आईचं हे पत्र. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि तिसरीतली लेक इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. गेल्या चाचणीत '४ × ६ हे बेरजेच्या रूपात लिहा' असा प्रश्न होता. मुलीनं ४ + ४ + ४ + ४ + ४ + ४ = २४ असं लिहिलं. बाईंनी त्यावर फुली मारली, शेजारी लाल शाईत ६ + ६ + ६ + ६ लिहिलं आणि गुण दिला नाही. मिलमधून जॉबर (कामगारांवरचा मुकादम) म्हणून निवृत्त झालेले आजोबा, म्हणजे मुलीचे तातय्या, म्हणतात, "चार सक चोवीस, सहा चोक चोवीस. यात चूक कसली?" शिवाय नातीनं तीसपर्यंत पाढे पाठ केलेच पाहिजेत, असा त्यांचा हट्ट आहे. नवऱ्याचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. तो शाळेत भांडायला निघालाय. मुलगी हल्ली प्रत्येक गुणाकार लिहिण्याआधी विचारते, "अम्मा, कुठला आधी?" आई लिहिते: "कोण बरोबर ते सांगा. मी पहिल्यापासून गणितात ढ. माझी आई विड्या वळायची, शाळेत कधी गेली नाही, तरी हिशोब तिच्या तोंडावर. मला ते जमलं नाही. मोबाइलवर शोधलं तर क्रमनिरपेक्षता, साहचर्य असले शब्द आले आणि डोकं गरगरलं. मुलीला काय सांगू? शाळेत जाऊ की नको?"

ताई,

तुमच्या पत्रात फुली आहे, लाल शाई आहे, भांडायला निघालेला नवरा आहे. मी मात्र अडकले ती मुलीच्या एका वाक्यापाशी. 'अम्मा, कुठला आधी?' तुम्हाला त्यात भीती ऐकू आली. असेलही थोडी. पण तिसरीतल्या पोरीच्या मानानं हा फार चांगला प्रश्न आहे. 'कुठलाही चालतो' म्हणून तो मिटत नाही आणि 'बाई सांगतील तो' म्हणूनही मिटत नाही. म्हणून जरा सावकाश जाऊ.

कोण बरोबर, असं तुम्ही विचारता तेव्हा एक गोष्ट धरून चालता: दोघींपैकी एक चुकली असणार, बाई तरी नाहीतर लेक तरी. मला आधी तिथेच बोट ठेवायचंय. त्या दिवशी चूक कुणीच केली नव्हती. तुमच्या घरात तीन भाषा आहेत आणि त्या सगळ्या गुणाकार एकसारखा वाचत नाहीत, एवढंच झालं.

× ही खूण मुकी आहे. विल्यम ऑट्रेड नावाच्या एका इंग्रज पाद्र्यानं ती १६३१ साली आपल्या पुस्तकात छापली. तेव्हापासून ती एवढंच सांगते की या दोघांचा गुणाकार करा. ढीग केवढा आणि ढीग किती, हे ती सांगत नाही. ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. इंग्रजी शाळेतलं पोर वाचतं 'फोर टाइम्स सिक्स'. चार वेळा. काय चार वेळा? सहा. म्हणून ६ + ६ + ६ + ६. बाईंची लाल शाई इथून आली.

आता तातय्यांचा पाढा मोठ्यानं म्हणा. चार एके चार, चार दुणे आठ, चार त्रिक बारा. चार जागचा हलत नाही, वाढतं ते त्याच्या मागचं. चार एकदा, चार दोनदा, चार तीनदा. चार सक म्हणजे चार सहा वेळा. जुन्या अंकगणितात गुण्य (ज्याला गुणायचं तो आकडा) आधी आणि गुणक (ज्यानं गुणायचं तो) नंतर लिहायचे, तो हाच क्रम. तुमच्या लेकीनं वहीत लिहिलं ते अक्षरशः चाराच्या पाढ्याची सहावी पायरी आहे. ती आजोबांकडून शिकलेलं प्रामाणिकपणे लिहून आली.

गंमत पुढेच आहे. शब्द सोलून बघितले तर पाढाही एका बाजूला ठाम उभा राहत नाही. बे दुणे चार घ्या. (सोलापुरात 'बे' हा आकडा कमी आणि हाक जास्त, पण आत्ता आकडाच घ्या.) 'दुणे' म्हणजे दुप्पट, बे-ची दुप्पट चार. इथे तातय्यांचा क्रम पक्का. पण बे त्रिक सहा? 'त्रिक' म्हणजे तिघांचा समूह. 'दोन, तीन वेळा' असं ते ऐकता येतं, तसंच 'दोन त्रिकं' असंही ऐकता येतं, आणि मग दर ढिगात तीन झाले! बरं, तुमची आई तेलुगूत काय म्हणत असेल? 'रेंडु मूळ्ळु आरु.' मूडु म्हणजे तीन, मूळ्ळु त्याचं अनेकवचन. दोन तिना सहा. इथे पहिला आकडा किती वेळा ते सांगतो, अगदी इंग्रजीसारखा. म्हणजे शाळेची पायरी न चढलेली अम्मम्मा, म्हणजे तुमची आई, आणि इंग्रजी शाळेतल्या बाई एका बाकावर, तातय्या आणि नात दुसऱ्या बाकावर. तुम्ही मधल्या वाटेत उभ्या.

मग फुली योग्य होती का? प्रश्न '४ × ६ किती' असा नव्हता, 'बेरजेत कसं मांडशील' असा होता. वर्गात 'फोर टाइम्स' चा अर्थ शिकवून झाला असेल, तर बाई तो अर्थ मुलीला कळला का हे तपासत होत्या. तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर. पण फुली मला पटलेली नाही. मी बरीच वर्षं वर्गात गणित शिकवलं आहे. मी असते तर उत्तराला बरोबरची खूण करून शेजारी लिहिलं असतं, 'वर्गात आपण कसं वाचतो, ते सांग.' अर्थात एका बैठकीत पन्नास वह्या उरकायच्या असल्या की माझाही हात फुलीकडेच जायचा, हे खोटं कशाला बोलू? आणि हे फक्त सोलापुरात घडतं असंही नाही. २०१५ साली अमेरिकेत ५ × ३ वरून नेमका हाच वाद पेटला होता. मुलानं ५ + ५ + ५ लिहिलं, शिक्षकाला पाच वेळा ३ हवे होते, गुण कापला, आणि पालकांपासून गणिताच्या प्राध्यापकांपर्यंत सगळे भांडले.

आता तातय्यांशी माझा छोटासा वाद. 'दोन्ही सारखंच' हे त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. उत्तर सारखं, गोष्ट वेगळी. गड्ड्याच्या यात्रेला तुमच्या गल्लीतून चोवीस जण निघाले असं धरा. एका रिक्षात चार, अशा सहा रिक्षा केल्या किंवा एका रिक्षात सहा कोंबून चार रिक्षा केल्या, तरी होम मैदानावर चोवीसच माणसं उतरणार. पण भाडं एकदा सहा रिक्षांचं, एकदा चार रिक्षांचं. मांडीवर कोण बसलं त्याला फरक कळतो, आणि चौकातल्या ट्रॅफिक पोलिसाला तर फारच कळतो. शाब्दिक उदाहरण आलं की मुलीला ही गोष्ट दिसली पाहिजे: एकात किती, आणि असे किती. ते समजल्यावर गुणाकार कुठल्याही क्रमानं करू दे.

कुठल्याही क्रमानं चालतं, हे मात्र तिला सांगू नका. दाखवा. सकाळी दारात रांगोळी काढताना ठिपक्यांच्या चार ओळी घाला, दर ओळीत सहा. लेकीला उंबऱ्यात उभी करा आणि विचारा, किती ओळी, ओळीत किती? चार ओळी, सहा-सहा. मग तिला रांगोळीच्या डाव्या अंगाला नेऊन तिथून बघायला लावा. आता तिच्यासमोर सहा ओळी आहेत, चार-चारच्या. ठिपका एकही पुसला नाही, एकही वाढला नाही, फक्त पोरगी चार पावलं चालली. चार आणि सहाच्या जागी कुठलेही दोन आकडे घ्या, ओळी कितीही लांब घ्या, बाजूला जाऊन बघणं तेच राहतं. म्हणूनच ही गोष्ट एखाद-दुसऱ्या उदाहरणापुरती खरी नसून सगळ्या पूर्ण संख्यांना लागू आहे. ग्रीक गणितज्ञ युक्लिडनं इसवीसनापूर्वी ३००च्या सुमारास आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात सोळाव्या विधानात हीच गोष्ट रीतसर सिद्ध केली. त्याच्याकडे रांगोळी नव्हती, म्हणून सिद्धता जरा लांबली.

हीच ती क्रमनिरपेक्षता. निरपेक्ष म्हणजे ज्याला कशाची अपेक्षा नाही. गुणाकाराला क्रमाची अपेक्षा नाही, चार आधी आला काय नि सहा आधी आला काय. एवढं साधं आहे. शब्द तेवढा जाडजूड.

साहचर्य निराळं आहे. तिथे आकडे आपापल्या जागीच बसतात, कुणी जागा बदलत नाही. तीन आकडे असले की मधल्यानं आधी कुणाचा हात धरायचा, डावीकडच्याचा की उजवीकडच्याचा, एवढाच प्रश्न. सहचर म्हणजे बरोबर चालणारा, त्यावरून साहचर्य. याचं उदाहरण तुमच्या नवऱ्याच्या कारखान्यातच पडलंय. समजा डझनाला १२ टॉवेल, गठ्ठ्यात ६ डझन, आणि पार्टीला १५ गठ्ठे पाठवायचे आहेत. १२ × ६ × १५. आधी गठ्ठ्यात किती टॉवेल ते काढलं तर १२ × ६ = ७२, मग ७२ × १५, आणि इथे माझ्यासारखी कागद शोधते. तुमचा नवरा तसं करणार नाही. तो म्हणेल, सहा पंधरे नव्वद, नव्वद डझन माल. नव्वद गुणिले बारा, एक हजार ऐंशी. सहानं बाराचा हात सोडून पंधराचा धरला. टॉवेल तेवढेच राहिले, डोक्यावरचा भार उतरला. विचारून बघा त्याला. 'यात काय गणित, हा तर धंदा आहे,' असंच म्हणेल तो.

दोन्ही एकच नाहीत का, असं वाटेल. नाहीत. आपला 'रेल्वे स्टेशन रोड' घ्या. 'रेल्वे स्टेशन'ला 'रोड' जोडा किंवा 'रेल्वे'ला 'स्टेशन रोड' जोडा, पाटीवर तेच तीन शब्द त्याच क्रमानं येणार. साहचर्य आहे. पण अदलाबदल करून 'रोड रेल्वे स्टेशन' म्हणालात, तर रिक्षावाला तुमच्या तोंडाकडे बघत राहील. क्रमनिरपेक्षता नाही. सरासरीचं उलटं. २ आणि ४ची सरासरी ३; ४ आणि २ची घेतली तरी ३च. क्रमाचं काही अडत नाही. पण २, ४, ८ मध्ये आधी २ आणि ४ची सरासरी काढून तिची ८शी काढली तर साडेपाच येतात, आणि आधी ४ आणि ८ची काढून तिची २शी काढली तर ४ येतात. साहचर्य गेलं. एक गुणधर्म असला म्हणून दुसरा असतोच असं नाही, त्यामुळे दोघांना वेगळी नावं द्यावी लागली.

नावं देणं गणिताच्या इतिहासात तसं अलीकडचं. क्रमनिरपेक्षतेला फ्रेंचमध्ये जे नाव आहे ते सेर्व्हॉ या फ्रेंच गणितज्ञानं १८१४ मध्ये वापरलं. त्याआधी हजारो वर्षं लोक बेलाशक आकडे उलटेसुलटे करत होतेच. नावाची निकड अशी भासते ती एखादी गोष्ट मोडल्यावर. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी आयरिश गणितज्ञ विल्यम हॅमिल्टन बायकोबरोबर डब्लिनमधल्या कालव्याच्या काठानं चालला होता. तिथे त्याला अशा संख्या सुचल्या की त्यांतल्या काही जोड्यांत पहिलीला दुसरीनं गुणलं तर जे येतं, त्याच्या विरुद्ध चिन्हाचं उत्तर दुसरीला पहिलीनं गुणल्यावर येतं. त्यानं म्हणे खिशातला चाकू काढून पुलाच्या दगडावर सूत्र कोरलं. या संख्यांना क्वाटर्नियन म्हणतात. त्यांच्यात साहचर्य टिकतं, अदलाबदल मात्र चालत नाही. तुमच्या मुलीला याची गरज नाही. 'कुठला आधी' हा प्रश्न पोरखेळ नव्हे, एवढं तुमच्या मनाशी असावं म्हणून सांगितलं.

आता तुमच्याबद्दल. 'मी पहिल्यापासून ढ' हे वाक्य तुम्ही इतकं सहज लिहिलंय की ते बऱ्याच वेळा बोलून गुळगुळीत झालं असणार. मुलीसमोर ते म्हणू नका, ही विनंती. त्यात कळकळ आहे, उपदेश नाही. शिवाय ते वाक्य खरंही नाही.

मी लहान असताना आमच्या शेजारी एक अक्का विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात जर्दा, एका बाजूला भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायची, कात्रीनं कापायची, जर्दा भरायची, वळायची, दोरा बांधायची, आणि हे सगळं माझ्याशी बोलता बोलता. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. हजार विड्या पुऱ्या करायच्या, म्हणजे चाळीस कट्टे. पंचवीस चाळीसांचा पाढा तिला कुठला यायला? ती चार कट्टे झाले की ते एका रांगेत लावायची आणि म्हणायची, 'नूरु.' शंभर. अशा दहा रांगा झाल्या की पदर झटकून उठायची. कागदावर मांडलं तर ते असं होतं: २५ × ४० म्हणजे २५ × (४ × १०), म्हणजेच (२५ × ४) × १०. कंस उजवीकडून डावीकडे सरकवला. मला हे साहचर्य आहे हे कळायला कॉलेज उजाडावं लागलं, आणि तेव्हा अक्का आठवून मी वर्गात एकटीच हसले होते.

तुमच्या आईचा हिशोब 'तोंडावर' होता तो असाच कुठून तरी आला असणार. तुम्हीही तो करता. ६ × ३० करताना तुम्ही अठरा म्हणून पुढे शून्य लावता ना? शाळेत आपल्याला 'शून्य लावायचं' एवढंच सांगितलं. खरं तर तीसचे तीन आणि दहा असे तुकडे झाले, सहानं आधी तीनचा हात धरला, आणि दहा मागून आला. ३५ × १४ आलं तर चौदाचे दोन आणि सात करा. पस्तीस दुणे सत्तर, सत्तर साते चारशे नव्वद. ही काही मोबाइलवरची ट्रिक नव्हे. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त गुणाकाराच्या पद्धती दिल्या, त्यात ही आहे. उदाहरण १३५ गुणिले १२चं आहे, आणि बारा थेट न घेता ज्यानं त्याला नि:शेष भाग जातो त्यानं गुणा, मग भागाकारानं गुणा, असं ते सांगतात. बाराचे चार आणि तीन केले, तर १३५ चोक ५४०, ५४० त्रिक १६२०. करून बघा, कागद लागत नाही.

एक धोका मात्र तातय्यांनाही सांगा. 'उलटंसुलटं काहीही चालतं' असं मोघम बोलू नका. पोरं हे वाक्य उचलतात आणि वजाबाकीत नेऊन ठेवतात. ५२ − २७ मांडलं की एककात दोनातून सात जात नाहीत. मग ती हातचा घेण्याऐवजी सातातून दोन काढतात आणि ३५ लिहून मोकळी होतात. उत्तर २५. ही चूक मी इतक्या वह्यांत पाहिली आहे की मोजदाद नाही. भागाकारातही तेच. २४ला ४नं भागून मग २नं भागलं तर ३ येतात. ४ भागिले २ आधी करून त्यानं २४ला भागलं तर १२. ही सवलत बेरजेला आणि गुणाकाराला आहे, वजाबाकी-भागाकाराला नाही. लेकीला दोन्हीकडची उदाहरणं द्या आणि कुठे चालतं, कुठे बिनसतं, ते तिलाच शोधू द्या. मुलांना बिनसलेलं शोधायला जास्त आवडतं.

पाढ्यांच्या हट्टाबद्दल. तीसपर्यंत पाठ असतील तर उत्तमच, तातय्यांच्या पिढीला तर पावकी, दिडकी, औटकी, म्हणजे पाव, दीड, साडेतीनचे पाढेही यायचे. पण तिसरीत घाई नको. एक ते दहाचे पाढे म्हणजे शंभर ओळी, आणि पोरगी शंभर ओळींना घाबरते. चार सक आणि सहा चोक एकच, हे रांगोळीत एकदा दिसलं की शंभरातल्या पंचेचाळीस आपोआप गळतात, पंचावन्न राहतात. एकचा नि दहाचा पाढा फुकटच. दोनचा म्हणजे दुप्पट. पाचचा घड्याळाच्या मिनिटकाट्यावर येतो. हे चार बाजूला काढले की ३, ४, ६, ७, ८ आणि ९ या सहांच्या आपसातल्या जोड्या उरतात, तीन त्रिकपासून नऊ नवेपर्यंत. त्या फक्त एकवीस आहेत. एकवीस चिठ्ठ्या करून डब्यात घाला, रोज तीन काढा. येतात त्या बाहेर ठेवा, अडतात त्या परत डब्यात. तातय्यांना या डब्याचं मुकादम करा, हट्टाला काम मिळेल.

राहिली शाळा. नवऱ्याला थांबवा. गुण परत मिळाला तरी त्या भांडणातून मुलीच्या हाती एवढंच लागेल की बाई चुकतात आणि बाबा ओरडले की गुण वाढतात. दुसऱ्या टोकाला जाऊन 'बाई म्हणतील तसं लिही, तोंड बंद' असंही सांगू नका. मग ती पाढा विसरणार नाही, विचारणं विसरेल. 'बाईंना कळत नाही' हे तातय्यांचं पालुपदही मुलीच्या कानावर पडू देऊ नका. तिला रोज त्याच बाईंसमोर बसायचंय.

तुम्ही एकट्या जा, शाळा सुटायच्या वेळेला, वही बरोबर घेऊन. पण वही लगेच उघडू नका. असं विचारा: "मॅडम, वर्गात चार गुणिले सहा कसं वाचायला सांगता? घरी हिचे आजोबा मराठी पाढे घेतात, त्यात उलटं येतं. तुम्ही सांगाल तसंच घरी घेऊ." बाई ऐकून घेणाऱ्या असतील तर स्वतःच वही मागतील. नसतील तर तुम्हाला निदान वर्गातली पद्धत कळली, आणि पुढच्या चाचणीत तेवढंच लागणार आहे. गुणाचा विषय काढू नका. तिसरीच्या चाचणीतला गुण दहावीला कुणी विचारत नाही.

मुलीला काय सांगायचं, ते मी मराठीत लिहिते, तुम्ही तुमच्या तेलुगूत सांगा. "तुझं उत्तर चोवीस बरोबर आहे. तू तातय्यांचा पाढा लिहिलास. वर्गात बाई इंग्रजीत वाचतात, तिथे चार वेळा सहा असं वाचतात. वर्गात बाईंसारखं वाच. उत्तर काढताना तुला जे सोपं वाटेल ते आधी घे." पण हे सांगण्याआधी तिला एकदा विचाराच, की सहा वेळा चार लिहिताना तिच्या मनात काय होतं. ती पाढा म्हणाली, तर तिला सगळं समजलंय. 'असंच लिहिलं' म्हणाली, तर रांगोळीपासून सुरुवात करा. 'कुठला आधी' विचारत राहिली, तर तिलाच उलट विचारा, "एकात किती आहेत? आणि असे किती आहेत?" पंधरा दिवसांत ती हे स्वतःशीच पुटपुटायला लागेल.

आणि तुमच्या आईला फोन लावून विचारा, ती कट्टे कसे मोजायची. आमच्या अक्कासारखी चारांची रांग लावायची की आणखी कशी? मला कळवा. लेकीला फोनवर घ्यायला विसरू नका, हा हिशोब तिनं अम्मम्माकडून तेलुगूतच ऐकायला हवा.